तिरडी बांधणारा पाळक

प्रोटेस्टंट पाळकाच्या अभ्यासक्रमात तिरडी बांधणं हा विषय नसतो. त्यांच्यात पेटी असते आणि ती सुतार करतो. तरीही गोरेगावात आणि आसपासच्या खेड्यांत कोणाकडे मयत झालं की एक माणूस बांबू आणायला जायचा आणि दुसरा याकोब खिल्लारेंना बोलवायला. हा दुसरा बहुधा निम्म्या वाटेतूनच परतायचा, कारण खिल्लारे समोरून येताना दिसत.

उंच, खांद्यात वाकलेला माणूस. थंडी असो नसो, अंगात बिनबाह्यांचं तपकिरी स्वेटर. एका हातात सुतळीचं बंडल, दुसऱ्यात पाण्याचा पाच लिटरचा कॅन. मयताच्या घरी चूल पेटत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. रांजणही रिकामा असतो आणि खांदा देणाऱ्यांना तहान लागते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी इथल्या शाळेत मराठी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आमच्या बौद्ध वस्तीत कोणी गेलं की पांढरा सदरा घालून मागच्या रांगेत हात जोडून उभे राहणारे खिल्लारे मी तीस वर्षं पाहिले. वंदना संपली की ते पाणी वाटायचे आणि निघून जायचे.

त्यांना नावं अनेक होती. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, ते पाळकसाहेब. मुसलमान मोहल्ल्यात पादरीसाब. बंजाऱ्यांच्या तांड्यावर पादरीबाबा. तहसील कचेरीत त्यांना फादर म्हणत. पहिली दोन वर्षं त्यांनी ते दुरुस्त करून पाहिलं. "फादर रोमन लोकांचे असतात, साहेब. मला बायको हाय," असं ते सांगायचे. साहेब बदलत गेले, फादर कायम राहिलं. मग त्यांनी नाद सोडला.

तिरडी ते चुकून शिकले. नवीन आले त्या वर्षी सेनगावच्या बाजाराच्या दिवशी शेजारचा म्हातारा गेला. घरात बायका, गल्लीत पुरुष एकही नाही. खिल्लारेंनी पुस्तकं बांधायच्या सुतळीनं तिरडी बांधली. बाजारातून माणसं आली, मयत उचललं, आणि वेशीपाशी दोर सैल पडून म्हातारा हातभर खाली घसरला. कोणीतरी हसलं. तो हसण्याचा आवाज खिल्लारेंच्या डोक्यातून गेला नाही. पुढचा महिनाभर ते चर्चच्या आवारात दोन बांबू आणि सोयाबीनचं पोतं घेऊन सराव करत होते. मंडळीतले ज्येष्ठ दानिएलराव वाघमारे हे पाहून हादरले.

"पाळकसाहेब, हे काय मूर्तिपूजेचं चालवलं?"

"मूर्ती कुठं हाय, दानिएलराव? सोयाबीन हाय."

दानिएलरावांनी वर पत्र लिहिलं. वर म्हणजे त्यांच्या मंडळाची मुख्य कचेरी, ती दूर शहरात. तिथून उत्तर आलं नाही. खिल्लारेंच्या मते कचेरीची हीच मोठी कृपा होती.

दुसऱ्यांच्या मयतासाठी त्यांचे नियम दोनच. प्रार्थना करायची नाही आणि बोलायचं नाही. मी एकदा विचारलं, "एखादा सांत्वनाचा शब्द तरी?" ते म्हणाले, "सर, लग्नाला आवतण लागतं, मयताला लागत न्हाई. बिनआवतणाचा माणूस गेला तर त्यानं आपला माल संगं नेऊ नये." देवधर्मावर इतकं शहाणं बोललेलं मी फार थोड्या व्यासपीठांवर ऐकलं आहे, आणि व्यासपीठं मी पुष्कळ पाहिली आहेत.

स्वतःच्या धर्मभावांशीही त्यांचं असंच. रस्त्याच्या कामावर आलेला एक मजूर गेला. झारखंडकडचा, रोमन कॅथलिक. गाव लांब, बरोबरची माणसं भेदरलेली. खिल्लारेंनी चर्चमागच्या कबरस्तानात जागा दाखवली. दानिएलराव पुन्हा हजर.

"रोमन माणूस आपल्यात? अन् खाली आपले वडीलधारे निजलेत त्यांच्या शेजारी?"

"त्याला मुकाट्यानं निजता येतं, दानिएलराव. वर तुमी अन् मी इतकी वर्षं एका बाकावर बसतो, आपल्याला तेवढंबी जमलं न्हाई."

रोमन फादर दुपारी उशिरा जीपनं पोचले. घामाघूम, संकोचलेले. "तुमच्या मंडळाची हरकत नाही ना?" त्यांनी विचारलं. खिल्लारे म्हणाले, "मंडळ परभणीच्या पल्याड हाय, मुडदा इथं हाय." दोघांनी आळीपाळीनं आपापल्या पुस्तकातून वाचलं. मग दोघांनी पाळकांच्या पडवीत पिठलं-भाकरी खाल्ली. दोन्ही पंथांच्या ऐक्याच्या परिषदा होतात असं मी वाचतो. पडवीतलं ते ऐक्य कुठे नोंदलं गेलं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं असावं.

पण ज्यांच्याशी त्यांचा खरा जीव जडला ते धावजी राठोड. फाट्यापलीकडच्या तांड्यावरचे म्हातारे. त्यांच्या बायकोची तिरडी खिल्लारेंनी बांधली, तेव्हापासून धावजी रोज दुपारी शेळ्या चर्चच्या पडीक जागेत सोडून पायरीवर येऊन बसायचे. आत काय आहे हे त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही. नाताळाच्या करंज्यांना मात्र ते सगळ्यांच्या आधी हजर.

"पादरीबाबा, मयतात तुमचा देव काहून बोलत न्हाई?"

"तो बोलत असंल. मी आडवा येत न्हाई."

"माझ्या मयतात बी असाच गप ऱ्हाशील?"

"तू जा तर आधी."

धावजी हसायचे, तंबाखू मळायचे. एकदा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "माझी तूच बांध. माझे पोरं लई घाईत असतात. वाटंत सांडतील मला." खिल्लारेंनी मान हलवली. मी तिथे होतो, म्हणून सांगू शकतो की त्यांनी तोंडानं शब्द दिला नाही. पण धावजींनी तो घेतला, आणि तांड्यावर सर्वांना सांगूनही टाकला.

यानंतर मंडळाच्या कचेरीला धर्माधर्मांतल्या मैत्रीची आठवण झाली. ते वर्ष 'आंतरधर्मीय संवाद वर्ष' म्हणून जाहीर झालं. हिंगोलीत मेळावा झाला, त्याला मीही गेलो होतो. मंचावर एक महाराज, एक मौलाना, एक भंते आणि मधल्या उंच खुर्चीवर मंडळाचे सचिव. समई पेटवायची होती. पंखा चालू होता. चारही धर्मांनी मिळून काड्यांची एक पेटी संपवली तरी पंखा बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मग शाली झाल्या, नारळ झाले, प्रत्येकानं इतर तिघांचा धर्म किती थोर आहे ते सांगितलं. खिल्लारे शेवटच्या रांगेत शेंगा सोलत होते. सचिवांनी त्यांना उभं केलं.

"रेव्हरंड खिल्लारे, आपण आपल्या भागात कोणते संवाद साधलेत?"

"संवाद न्हाई साधला, साहेब. मयताला जातो."

"तिथे चर्चा होत असेल ना?"

"मयतात कोण चर्चा करतं?"

सभागृह हसलं. सचिव हसले नाहीत. त्यांनी जवळच्या माणसाकडे पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात खिल्लारेंना एक छापील तक्ता आला. चार रकाने: व्यक्तीचे नाव, गाव, समाज, संबंधाचे स्वरूप.

तो तक्ता ते माझ्याकडे घेऊन आले, कारण माझं अक्षर चांगलं आहे. नावं कशाला हवीत, हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. ते वरून आलेल्या कागदाला मान देणारे, आणि मी शिक्षक, रिकामा रकाना दिसला की मला चैन पडत नाही. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. पहिलं नाव धावजी राठोड. चौथ्या रकान्यात ते म्हणाले, "लिहा, बायकोची तिरडी बांधली." तिरडी हा शब्द कचेरीत बरा दिसणार नाही असं मला वाटलं. मी लिहिलं, 'नियमित भेटीगाठी व सहवास'. पुढच्या नावांपुढे खूण करून 'वरीलप्रमाणे'. पानभर नावं झाली. सगळी मयताघरची.

तिरडी बांधून घेतल्यानं कोणी बाटत नाही, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळलं असतं. नियमित भेटीगाठी आणि सहवासानं काय होतं याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या मनातल्या मळाप्रमाणे लावला.

शहरात मंडळाचं मोठं संमेलन भरलं. परदेशी पाहुणे आले. भिंतीवर प्रदर्शन लावलं, त्यात गावोगावच्या पाळकांचे तक्ते मोठे करून चिकटवले होते आणि वर फलक होता: 'आमच्या कार्याचे फळ'. कोणीतरी त्याचा फोटो काढून मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. तिथून तो दुसऱ्या कोणी उचलला, खाली चार ओळी जोडल्या, 'गोरेगाव भागात बाटलेल्यांची यादी' असं नाव दिलं, आणि तीन दिवसांत तो आमच्या प्रत्येक मोबाइलवर होता. अक्षर माझं. निम्म्या तालुक्याला मी शुद्धलेखन शिकवलं आहे. त्यांनी ते ओळखलं. मला कोणी चकार शब्द बोललं नाही. मी सरांमध्ये मोडतो.

तांड्यावर काय झालं ते मला धावजींच्या धाकट्या मुलानं, उत्तमनं, सांगितलं. तो माझा विद्यार्थी. त्याच्या पोरीची सोयरीक औंढ्याकडच्या तांड्यावर ठरली होती, साखरपुड्याचा दिवस धरला होता. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं फोटो पाहिला. निरोप आला की बाटलेल्याच्या नातीला आम्ही घरात घेणार नाही. उत्तमनं पायधरणी केली, म्हाताऱ्याला देवीपुढं उभं करून शपथ घ्यायला लावली. धावजींनी शपथ घेतली. सोयरीक मोडायची ती मोडलीच.

"सर, पोरगी तीन दिस जेवली न्हाई," उत्तम म्हणाला. "बा म्हणतो पादरीबाबाची चूक न्हाई. मग कुणाची हाय? तुमी सांगा."

त्याच्याकडे पाहण्यापुरतंही धैर्य मला झालं नाही.

तक्ता भरून दिल्यावर खिल्लारेंनी मग आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली. ते यादीतल्या प्रत्येकाच्या घरी माफी मागायला निघाले. पाण्याचा कॅन नाही, सुतळी नाही, रिकाम्या हातांनी. दारात उभं राहून म्हणायचे, "चूक माझी हाय. तुमचं नाव मला न विचारता दिलं." लोकांनी आत बोलावलं नाही आणि हाकलूनही दिलं नाही. फक्त शेजारपाजारचे आपापल्या दारांत येऊन उभे राहायचे आणि बघायचे की यादीतल्या घरी पादरी आला. जो मजकूर तोवर मोबाइलवर होता तो त्यांच्या पायांनी गल्लीगल्लीत खरा ठरवला. चौथ्या की पाचव्या घरी एका बाईनं हात जोडून सांगितलं, "बाबा, तुमी चांगले हायत. पण आमच्याकडं येऊ नका." तेव्हा त्यांना कळलं. उरलेल्या घरी ते गेले नाहीत.

मग शहरात कचेरीत गेले. परत आल्यावर माझ्या ओट्यावर बसून त्यांनी ती भेट सांगितली, एखादा बसचा प्रवास सांगावा तशी. सचिवांनी चहा दिला. फोटो काढून टाकू म्हणाले. यादी खोटी आहे असा खुलासा मात्र देता येणार नाही.

"काहून म्हणून विचारलं मी. तर म्हणे, खुलाशानं कार्याची बदनामी होते."

"आणि त्या पोरीचं?"

"म्हणे, आपण प्रार्थना करू. सर, तीस वर्षं मी लोकांच्या दारात प्रार्थना नेली न्हाई. आज पहिल्या बार कुणी माझ्या दारात आणली. लई जड असते हो."

महिनाभरात मंडळाचं पत्र आलं. भारी कागद, सोनेरी काठ. संवाद वर्षातील विशेष कार्याबद्दल रेव्हरंड याकोब खिल्लारे यांना सन्मान, आणि शहरातल्या संवाद विभागावर बदली. मंडळाच्या हिशेबी तो गौरव होता. ज्या गावात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं तिथून उचलून त्यांना बोलण्याच्या खात्यात नेमलं होतं.

या काळात गोरेगावात दोन मयतं झाली. बांबू आणायला माणूस गेला. दुसरा माणूस कोणी धाडला नाही. खिल्लारे दोन्ही वेळा आपल्या पडवीत बसून राहिले. एकदा रस्त्यानं प्रेतयात्रा गेली तेव्हा ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांच्या पत्नी, रूथबाई, मला म्हणाल्या, "सर, यांना ताप बी न्हाई, खोकला बी न्हाई, पण माणूस पांढरा पडून राहिला."

धावजी अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा खिल्लारेंचं निम्मं सामान टेम्पोनं गेलं होतं. त्यांनी कचेरीकडे मुदत मागितली. कारणाच्या जागी लिहिलं, 'एक काम राहिले आहे.' मुदत मिळाली. ते तांड्यावर गेले नाहीत. रोज सकाळी माझ्याकडे येत, मी उत्तमला फोन करी, आणि म्हाताऱ्यानं पेज घेतली की नाही तेवढं ऐकून ते परत जात. एकदा उत्तम फोनवर आपण होऊन बोलला, "सर, बा इचारतो पादरीबाबा काहून येत न्हाई. मी सांगितलं गावाला गेला." मी ते खिल्लारेंना सांगितलं. ते म्हणाले, "बरं सांगितलं. गावाला गेला म्हणलं की माणूस वाट तरी बघतो."

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी उत्तमचाच फोन आला. "सर, बा गेला. तुमी या." मग थोडं थांबून, "तुमी एकटेच या."

मी निघालो तर खिल्लारे त्यांच्या फाटकात उभे. त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. तपकिरी स्वेटर, हात रिकामे. "फाट्यापर्यंत येतो," ते म्हणाले. "पुढं न्हाई." दोन किलोमीटर आम्ही चालत गेलो. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, "बांबू कुठून आणले?" मला ठाऊक नव्हतं.

तांड्यावर तिरडी बांधणं चाललं होतं. चार तरुण पोरं, चार मतं. एकानं मोबाइलवर शोधलं, तर तिथेही ते दाखवणारा कोणी निघाला. मग त्याच्या सांगण्यावरून सोडून पुन्हा बांधलं. मला त्यातलं कळत नाही, पण इतकी वर्षं बघून डोळ्यांना एक सवय असते. दोर ताणलेले दिसत नव्हते. आडव्या काड्या अंतरानं पडल्या होत्या. उत्तम उभा राहून पाहत होता. त्यानं एकदा फाट्याच्या दिशेनं पाहिलं. तिथून फाटा दिसत नाही. थोरला भाऊ म्हणाला, "चला, उनं व्हायलीत."

थोरला मडकं धरून पुढं, उत्तम मागच्या डाव्या खांद्याला. बायका तांड्याच्या शेवटच्या घरापाशी थांबल्या. त्यांच्यात ती पोरगी होती, पदर तोंडावर घट्ट धरलेली. फाट्याशी आलो तर रस्ता मोकळा होता. खिल्लारे बांध ओलांडून हरभऱ्याच्या वावरात उतरले होते, चांगले वीस-पंचवीस पावलं आत. प्रेतयात्रेला त्यांच्यावरून जावं लागू नये, एवढ्यासाठी. काहींनी त्यांना पाहिलं आणि मान वळवली. उत्तमनं पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही. त्याचा चेहरा बांबूच्या पलीकडे होता.

खिल्लारेंनी मला हात करून थांबवलं. मी मागे पडलो, बांधापाशी गेलो. ते पुढे आले नाहीत. तिथूनच, आवाज न चढवता बोलले.

"सर, मागचा डावा दोर. गाठ चुकली हाय. ओढ्याच्या उतारावर सुटल. उत्तमला म्हणा, मनगटाला गुंडाळून धर, मडकं फुटेपर्यंत सोडू नको. माझं नाव घेऊ नका."

मी पळत गेलो. या वयात मी पळालेला पाहून दोघातिघांना आश्चर्य वाटलं असेल. उत्तमला सांगितलं. त्यानं चालता चालता दोराचं मोकळं टोक ओढलं आणि मनगटाला दोन वेढे दिले. कोणी सांगितलं ते विचारलं नाही. ओढ्याच्या उतारावर गाठ खरंच सुटली. दोर त्याच्या मनगटात रुतला, कातडं सोललं, पण धावजी जागचे हलले नाहीत.

ओढ्याच्या पलीकडच्या चढावरून मी मागे पाहिलं. खिल्लारे अजून वावरातच उभे होते. मयताला उशीर झालेली तीन-चार माणसं फाट्यावरून येत होती. ती पुढे निघून जाईपर्यंत ते तसेच थांबले, त्यांच्याकडे पाठ करून. मग रस्त्याला दोन्ही बाजूंना पाहिलं. गोरेगावकडून एक मोटारसायकल येत होती. तीही जाऊ दिली. रस्त्यावर आपल्याबरोबर दिसेल असं कोणीच उरलं नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी बांधावर पाय ठेवला.